कोनशिला नसलेला खर्च

नगरपालिकेचे अंदाजपत्रक हाती आले की मी प्रथम दोन आकडे शोधतो. रुग्णालयाच्या इमारतीसाठी किती, आणि रोग होऊच नये म्हणून किती? पहिला आकडा चटकन सापडतो. दुसरा शोधावा लागतो. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविल्यामुळे याचे कारण मला कळते, पण ते पटत नाही. इमारत हा भांडवली खर्च. तिला कोनशिला बसते, उद्घाटनाला मंत्री येतात. टळलेल्या हिवतापाचे उद्घाटन कोण करणार? डासांच्या अळ्या शोधत घरोघर फिरणाऱ्या कामगाराचा पगार हा महसुली खर्च, आणि काटकसरीची कुऱ्हाड प्रथम त्याच्यावरच पडते.

१९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी आरोग्य आणि स्वच्छता हे विषय पंचायती व नगरपालिकांच्या यादीत घातले. जबाबदारी खाली आली, पैसा मात्र वरच राहिला. जकात, पुढे स्थानिक संस्था कर, अशी हक्काची उत्पन्ने एकेक करून गेली. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्चायला ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली, हे स्वागतार्हच होते. पण ते कशावर खर्चायचे याची यादीही वरूनच ठरून आली होती. ज्याच्या गावात पाणी दूषित आहे, त्याला स्वतःचा अग्रक्रम ठरविण्याचा अधिकार नसेल तर ते विकेंद्रीकरण कसले?

आजचा रुग्ण दारात उभा असताना उद्याच्या आरोग्याची चर्चा कशाला, असे विचारले जाईल. परंतु ही निवड रुग्णालय की प्रतिबंध अशी नाहीच. श्रीमंत माणूस शुद्ध पाणी विकत घेतो. वस्तीतला माणूस आजार विकत घेतो आणि सावकाराच्या दारात जातो. डास वॉर्डाची हद्द ओळखत नाही. म्हणूनच प्रतिबंध ही बाजारात मिळणारी वस्तू नव्हे. ती समाजानेच पुरवावी लागते.

हे शक्य आहे, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांच्या हातून घरच्या घरी नवजात अर्भकांचे मृत्यू निम्म्याहून कमी करून दाखविले. या अनुभवाचे कौतुक सर्वांनी केले. किंमत मोजायला मात्र कोणी पुढे आले नाही. २००५ नंतर नेमलेल्या आशा कार्यकर्त्यांना शासन आजही कामगार मानीत नाही, ‘स्वयंसेविका’ म्हणते. स्त्रीच्या श्रमाला सेवा म्हटले की वेतनाचा प्रश्न मिटतो, ही जुनी युक्ती आहे.

म्हणून आपल्या मागण्या तीन असाव्यात. प्रत्येक स्थानिक संस्थेच्या अंदाजपत्रकात प्रतिबंधक आरोग्यासाठी स्वतंत्र, अन्यत्र वळविता न येणारा हिस्सा. त्याचा हिशेब ग्रामसभेत आणि वॉर्डात जाहीर वाचन. आणि हे काम करणाऱ्यांना नियमित वेतन.

साथींनी सुरुवात आपल्या गावापासून करावी. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावाच्या आरोग्य समितीसाठी वर्षाला १०,००० रुपयांचा मुक्त निधी ठरविला होता. तो आपल्या गावाला किती वर्षे मिळाला, कशावर खर्च झाला, एवढे जरी पुढच्या ग्रामसभेत विचारले, तरी लढ्याची सुरुवात होईल.