मार्क किती मिळतात हो याचे?

परवा शहरातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेलो होतो. पत्रकाराला परीक्षक का करतात, तर दुसऱ्या दिवशी बातमी लागते. असो.

नववीतल्या एका पोरीच्या टेबलावर काही थर्माकोल नव्हतं, रंगीत तक्ता नव्हता. हॅक्सॉच्या तुटक्या पात्याचा तुकडा लाकडाच्या फळीवर ठोकून तिने मोर्सची कळ केली होती, खाली एक बझर, एक सेल. तिने मला माझं नाव वाजवून दाखवलं. म्हणलं, हे कुठून शिकलीस? तर म्हणे, यूट्यूबवरून. "सर, मला हॅम रेडिओची परीक्षा द्यायचीय." मी पुढचं काही विचारणार तेवढ्यात मागून एक पालक काकू म्हणाल्या, "याचे मार्क किती मिळतात हो?" सगळे हसले. पोरगी पण हसली, पण कळेवरचा हात तिने काढून घेतला.

पहिलं बक्षीस 'स्मार्ट सिटी'च्या थर्माकोलला गेलं. आम्ही तिघं परीक्षक होतो, माझं मत एकटं पडलं. तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे, म्हणून ही लांबलचक पोस्ट. वाचायची तर पूर्ण वाचा, नाहीतर लाईकही करू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅम रेडिओ म्हणजे केंद्र सरकारकडून परवाना घेऊन, स्वतःच्या सेटवरून, कुठल्याही कंपनीचं सिमकार्ड न वापरता जगाशी बोलण्याचा छंद. परीक्षा असते, तिचे दोन भाग: रेडिओचं तंत्र आणि नियम. वयाची अट १२ वर्षं पूर्ण. पास झालं की परवान्यासोबत कॉलसाइन मिळतं. भारतात साधारण 'व्हीयू टू' किंवा 'व्हीयू थ्री'ने सुरू होणारं, जगात फक्त तुमचंच. फी म्हणाल तर आपल्याकडे एका विषयाच्या एका महिन्याच्या ट्यूशनला जेवढे पैसे मोजतात त्याहून कमी. धंदा करायचा नाही, राजकारण करायचं नाही, सांकेतिक भाषेत लपवून काही बोलायचं नाही, प्रत्येक वेळी आपली ओळख सांगायची. बातम्या प्रसारित करायच्या नाहीत हाही नियम आहे, त्यामुळे माझा यात काही स्वार्थ नाही.

आता येतो नेहमीचा प्रश्न. "मोबाईल आहे ना हातात, मग याचा उपयोग काय?"

या 'उपयोग काय'वरच माझा राग आहे. आपल्याकडे हॅम रेडिओचं नाव निघतं ते फक्त आपत्ती व्यवस्थापनाच्या कार्यक्रमात. वर्षातून एकदा हॉल भरवायचा, बाहेरून कोणीतरी सेट घेऊन यायचं, साहेबांनी माइक हातात धरून 'हॅलो' म्हणायचं, फोटो, चहा, समोसा, संपलं. मी स्वतः असल्या कार्यक्रमांच्या बातम्या लावल्या आहेत, तेव्हा दोष माझाही आहे. पण अशाने ऑपरेटर तयार होत नाही. पोहायला शिकवायचं ते पूर आल्यावर, असा हा प्रकार झाला.

२००४ चं उदाहरण घ्या. भारती प्रसाद नावाच्या बाई, हॅम ऑपरेटर, आपली टीम घेऊन डिसेंबरमध्ये पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. कशासाठी? समाजसेवेसाठी नाही. अंदमानातून हवेवर बोलायला कित्येक वर्षं परवानगीच मिळत नव्हती, त्यामुळे जगभरचे हॅम तिथला एक संपर्क मिळावा म्हणून झुरत होते. ती हौस भागवायला या गेल्या. हॉटेलात सेट मांडला, वर अँटेना लावली, आणि जगाशी गप्पा. आपल्याकडच्या काकूंच्या भाषेत, रिकामा उद्योग. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. फोन बंद पडले. तेव्हा बेटांवरच्या माणसांचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोचवले ते याच रिकाम्या उद्योगवाल्यांनी. सेट तयार होता, अँटेना वर होती, कान तयार होते. कुणी 'आपत्ती प्रशिक्षण' म्हणून त्यांना तिथे पाठवलं असतं तर ते बहुतेक जानेवारीत पोचले असते.

आपलं घरचं दुखणं किल्लारीचं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. मी तेव्हा शाळेत होतो, पण सकाळी गल्लीतल्या मोठ्या माणसांचे चेहरे आठवतात. लातूर-उस्मानाबादकडे काय झालंय हे कुणालाच नीट कळत नव्हतं. पुढे आकडा सुमारे दहा हजार मृतांचा निघाला. तिथेही संपर्कासाठी हॅम मंडळी सेट-बॅटऱ्या घेऊन पोचली होती. ही माणसं आदल्या आठवड्यात तयार झालेली नव्हती. वर्षानुवर्षं रात्री जागून, बायकोची बोलणी खाऊन, कुठल्याशा अनोळखी माणसाशी 'तुमच्याकडे माझा आवाज कसा येतोय' एवढंच बोलत बसलेली ती माणसं होती. आज मराठवाड्यात तशी वेळ आली तर सेट उचलून निघतील अशी विशी-पंचविशीतली किती पोरं आहेत आपल्या शहरात? मी ज्यांना विचारलं त्या चार इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांपैकी एकालाही एक नाव सांगता आलं नाही. सर्व्हे नाही हा, फक्त माझे चार फोन.

आणि समजा तशी वेळ कधीच आली नाही. देव करो, न येवो. तरीही मी म्हणेन की लेकरांना हे शिकवा. कारण आपली पोरं अभ्यासात आयनोस्फिअर पाठ करतात. आकाशलहरी, परावर्तन, दोन मार्कांची टीप. ती टीप कानाने ऐकता येते हे त्यांना कुणी सांगत नाही. सात मेगाहर्ट्झसाठी वीस मीटर तार लागते, बस. सिडकोतल्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून समोरच्या पाइपापर्यंत बांधा. दिवसा दोन-चारशे किलोमीटरवरचा माणूस ऐकू येतो, सूर्य मावळला की तीच तार हळूहळू दूरची माणसं आणायला लागते. तार तीच, सेट तोच, फक्त वर आकाशात काहीतरी बदललं. हे एकदा ऐकलेलं पोरगं ती टीप जन्मात विसरणार नाही.

करिअरवाल्यांसाठी: हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बाजारात सहज मिळणाऱ्या स्वस्त भागांतून 'बिटएक्स' नावाचा सेट रचला आणि त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवला. जगभरच्या लोकांनी तो घरी बसून बनवला. इस्रोने तर ५ मे २००५ ला 'हॅमसॅट' नावाचा उपग्रहच या छंदासाठी सोडला, त्यातला एक ट्रान्सपाँडर हॉलंडच्या एका विद्यार्थ्याने बनवलेला. विद्यार्थ्याने! नऊ वर्षं तो आपल्या डोक्यावरून फिरला. आपल्या शहरातल्या किती शाळांनी तो ऐकला? जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकातून हॅम रेडिओवर बोलले तेव्हा पलीकडे शिलाँगजवळच्या केंद्रात जमलेले विद्यार्थी होते. आपल्याकडची लेकरं त्याच वेळी टेस्ट सिरीजला बसलेली असणार.

"परवान्याची कटकट फार," असं काहीजण म्हणतील. खरंय, ते मी नाकारत नाही. ओळखीतला एक पोरगा परीक्षेसाठी मुंबईला जाऊन आला आणि परवान्याची वाट बघता बघता त्याची बारावी आली. पुढे आईने सेटसाठी साठवलेले पैसे क्लासला भरले. ऑनलाइन वॉकीटॉकी मागवून बिनपरवाना बोलायचा शॉर्टकट मात्र कुणी सुचवू नका, तो गुन्हा आहे. पण कटकट आहे म्हणून सोडून द्यायचं, की कटकट कमी करा म्हणून मागे लागायचं? वर्षातून एकदा परीक्षेचं शिबिर या शहरात व्हावं, ही मागणी आपल्या एकाही लोकप्रतिनिधीने केल्याचं मी ऐकलेलं नाही. रस्त्याच्या नावासाठी निवेदनं देणाऱ्यांनी एक निवेदन याचंही द्यावं.

जागेचं रडगाणं तर अजिबात नको. आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, विद्यापीठ आहे. म्हैसमाळसारखा उंच डोंगर आहे, जिथे रिपीटर बसला तर हातातल्या छोट्या सेटचा आवाज किती तालुक्यांत जाईल याचा विचार करा. आणि अटल टिंकरिंग लॅबसाठी तर केंद्राकडून एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं. अशा एका लॅबमध्ये मी गेलोय. कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे. "मुलं मोडतील हो." मोडू द्या की साहेब! टिंकरिंग म्हणजे दुसरं काय असतं?

त्या पोरीला मी प्रदर्शन संपल्यावर फोनवर नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर उघडून दिला. म्हणजे तिथे बसवलेला खराखुरा रिसीव्हर, जो इथून इंटरनेटवर फिरवता येतो. फुकट. तिने काटा सरकवला, खरखर, मग एकदम मोर्स. पहिली तीन अक्षरं तिला पकडता आली, चौथं हुकलं. "फास्ट आहे सर," म्हणाली, आणि परत लावलं. त्या काकू तिथेच होत्या. पाच मिनिटांनी त्यांनी हळूच विचारलं, "हा माणूस कोण बोलतोय? कुठून?" मलाही माहीत नव्हतं.

येत्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता माझ्या गच्चीवर वीस मीटर तार बांधतोय. ओळखीतले एक निवृत्त काका, रीतसर परवानाधारक, त्यांचा सेट घेऊन येणार आहेत. त्यांची अट: सत्कार नाही, भाषण नाही, चहा बिनसाखरेचा. दहा-बारा लेकरं मावतील. बारा वर्षांच्या आतलीही चालतील, ऐकायला वय लागत नाही. पत्ता इनबॉक्समध्ये देतो. कार्यकर्त्यांनी बॅनर आणू नये. जिन्यातला दिवा गेलेला आहे, येताना टॉर्च आणा.