तिचे ताट कधी मांडायचे?



‘बायका स्वतःच्या तब्येतीकडे लक्षच देत नाहीत,’ हे वाक्य आपण दवाखान्यात ऐकतो, दिंडीत ऐकतो, कधी कधी कीर्तनातही ऐकतो. ऐकताना त्यात कळवळा वाटतो, पण आत दोषारोप असतो. जणू लक्ष देणे न देणे तिच्या एकटीच्या हाती आहे! हे खरे नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. निम्म्याहून अधिक जणींचे लक्ष एकदमच चुकले, असे मानायचे का?

आपल्याच घरात पाहा. आधी वडीलधारे, मग पुरुष, मग मुले, शेवटी ती. तोवर भाजी संपलेली असते. मग चटणी-भाकरी आणि वर चहा. जेवणावरचा चहा अन्नातले लोह नीट अंगी लागू देत नाही. एकादशी आपण सारेच करतो. पण चतुर्थी, सोमवार, नवरात्र, घरादाराच्या नावाचे उपवास बहुधा तिच्याच वाट्याला येतात. उपवासाला साबुदाणा, म्हणजे जवळजवळ नुसते पिष्ट. राजगिरा, शेंगदाणे, खजूरही चालतात. पण बाजाराची पिशवी आणि पैसे कोणाच्या हाती असतात?

वारीत तरी वेगळे काय? आळंदीहून पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. डोक्यावर तुळस घेऊन चालणारी माउली दिवसभर घोटभर पाण्यावर काढते, कारण वाटेत आडोसा मिळेल याची खात्री नसते. मग लघवीची जळजळ होते, उन्हात चक्कर येते. कित्येक जणी निघण्याआधी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतात, त्याही डॉक्टरांना न विचारता. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असलेल्या बाईच्या ते जिवावर बेतू शकते. गोळी तिने घेतली खरी, पण ‘तुळशीला हात लावू नकोस’ म्हणणारी नजर कोणाची होती? देहाच्या विटाळाचा प्रश्न संत सोयराबाईंनी चौदाव्या शतकातच आपल्याला विचारला आहे. आपण त्यांचे अभंग गातो, उत्तर मात्र देत नाही.

कोणी म्हणेल, ‘व्रत ती श्रद्धेने करते, जबरदस्ती कोणी केली?’ श्रद्धा तिचीच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण जिला ‘आज जमणार नाही’ म्हणायची मोकळीक नाही, तिच्या होकाराला तिची निवड कसे म्हणावे? जनाबाईंच्या जात्याला देवाने हात लावला, ही कथा सांगताना आपला कंठ दाटतो. मग घरच्या जात्यापासून आपण दूर का?

दिंडीचालकांना हात जोडून विनंती आहे. मुक्काम ठरवताना बायकांच्या स्वच्छतागृहाची सोय आधी पाहा. पाळी आली म्हणून कोणाची वारी अडत नाही, हे विणेकऱ्यांनी सर्वांसमक्ष सांगावे. स्वयंपाक करणाऱ्या माउल्या पहिल्या पंगतीला बसाव्यात, वाढायला पुरुषांनी उभे राहावे.

आणि वाचकहो, आषाढीची वाट कशाला पाहायची? आज रात्री तिचे ताट तुमच्या ताटाबरोबरच मांडा, आणि भाजी आधी तिला वाढा.