रीस्टार्ट मारला, चाललं!

मंडळी, आपल्या आयटीवाल्यांकडे एक रामबाण उपाय आहे. लिनक्स सर्व्हरवरची सर्व्हिस बंद पडली? रीस्टार्ट मार. तरी नाही चालली? अख्खा सर्व्हर रीबूट कर. चाललं एकदाचं की 'इश्यू रिझॉल्व्ड' लिहून तिकीट बंद!

माझ्या मते कारण न बघता केलेला रीस्टार्ट म्हणजे पंचनाम्याआधीच जागा धुऊन काढणं. आणि हे नुसतं म्हणायला नाही. जर्नल डिस्कवर साठवायची सोय केलेली नसेल, तर सिस्टमडीचे लॉग रॅममध्येच असतात. रीबूट केलंत की गेले.

आता नेहमीचंच दुखणं घ्या, डिस्क भरणे. कुणीतरी २० जीबीची लॉग फाइल उडवतो, तरी डीएफ १००% च दाखवतो. कारण सर्व्हिसने ती फाइल अजून उघडी धरलेली असते. नाव गेलं, जागा नाही गेली! रीस्टार्ट केला की जागा मोकळी होते आणि साहेब म्हणतात, "बघ, रीस्टार्टनेच झालं." अहो, पण लॉगरोटेट कोण लावणार? लॉग परत भरणारच ना! (अशा फायली कुणी धरून ठेवल्यात ते एलएसओएफ सांगतो. आणि जागा भरपूर दिसत असूनही 'नो स्पेस लेफ्ट' येत असेल तर 'डीएफ -आय' मारा, बहुतेक आयनोड संपलेत.)

दुसरा प्रकार जास्त छळतो. ॲप्लिकेशनचा लॉग मधेच तुटलेला, शेवटी एरर वगैरे काही नाही. मेमरी संपल्यावर कर्नलनेच प्रोसेसला उडवलेलं असतं, बिचारीला लॉग लिहायलाही सवड मिळत नाही. नोंद असते ती डीमेसेजमध्ये. त्यातही मेमरी खातात अपाचीची शंभर पोरं आणि मरतो मायएसक्यूएल, कारण एकटा तोच सर्वांत मोठा!

"कस्टमर बोंबलतोय, लॉग कधी वाचू?" मान्य. वाचू नका, पण जर्नलसीटीएलच्या शेवटच्या २०० ओळी, डीएफ, फ्री, डीमेसेज एका फाइलमध्ये ओतायला एक मिनिट लागतं. मग खुशाल रीस्टार्ट करा.

कारण तिकीट बंद करणारा संध्याकाळी घरी जातो. रात्री ३ वाजता फोन वाजतो तो टीममधल्या सगळ्यात नव्या पोराचा, आणि त्याच्या हाती काय, तर 'इश्यू रिझॉल्व्ड'. तिकिटात 'कारण कळलं नाही' लिहा हो, काही बिघडत नाही. फक्त ती फाइल जोडा.