आरोग्याच्या चार गोष्टी : तारेचे पहिले तीन दिवस

वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी तार बसवणे ही आता केवळ शहरी हौस राहिलेली नाही. भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर नागपूर; तिथल्या शासकीय दंत महाविद्यालयात हे उपचार होतात. तार बसवून पोर एस.टी.ने हसत घरी येते आणि रात्री जेवायला बसले की रडू लागते. मग घरात दोन मते होतात. आजी म्हणते, डॉक्टरने काहीतरी बिघडवले. बाप म्हणतो, पोर नखरे करते. दोघांचेही चुकते. दुखणे खरे असते, आणि बहुधा बिघडलेले काही नसते.

दात हा भिंतीत ठोकलेला खिळा नव्हे. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. तारेच्या दाबाने तो एका बाजूला चेपतो, तिथले रक्त कमी होते, सूज येते. सुजेतली द्रव्ये मज्जातंतूंना इतके हळवे करतात की भाकरीचा घास चावतानाही कळ जाते. पण ह्याच क्रियेतून दाबल्या बाजूचे हाड झिजते, मागे नवे हाड भरते आणि दात सरकतो. सूज यायला वेळ लागतो, म्हणून ठणका काही तासांनी सुरू होतो, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि बहुधा आठवड्यात ओसरतो.

दाताकडची ही खबर चेहऱ्याच्या मज्जातंतूने मेंदूकडे जाते. मेंदूचा एक भाग कुठे नि किती दुखते ते ओळखतो, तर दुसऱ्या भागात त्याची भीती आणि तगमग उमटते. शिवाय मेंदू नुसता ऐकून घेत नाही. 1965 साली मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मांडले की वेदनेच्या वाटेवर पाटासारखे दार असते आणि मेंदू ते कमीजास्त करू शकतो. रोवणीत बायांची कंबर मोडून येते, पण गाणे चालू असते तोवर हात थांबत नाही. रात्री खाटेवर पडल्यावर तीच कंबर ठणकते.

1978 साली अमेरिकेत अक्कलदाढ काढलेल्या रोग्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. औषध म्हणून नुसतीच बिनऔषधाची सुई दिली, तरी काहींना आराम पडला. मेंदूतल्या वेदनाशामक द्रव्यांना अडवणारे औषध दिल्यावर मात्र त्यांचे दुखणे वाढले. म्हणजे भरवसा वाटला की मेंदू स्वतःचे औषध स्वतः काढतो. 2005 साली तिकडच्याच एका अभ्यासात दिसले की तार बसवल्यावर फोनवरून विचारपूस झालेल्यांना दुखणे आणि काळजी दोन्ही कमी जाणवली.

तेव्हा घरच्यांनी काय करावे? तार बसवण्याआधीच मुलाला सांगावे, "दोन-तीन दिवस ठणकेल, मग उतरेल." "लई दुखते बाबा" अशी भीती घालू नये आणि "नाटक करू नको" असेही म्हणू नये. पेज, मऊ भात, वरण, ताक द्यावे; फुटाणे, ऊस, सुपारी टाळावी. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात. गोळी डॉक्टरांनी सांगितलेलीच, सांगितलेल्या मापातच द्यावी. काही वेदनाशामक गोळ्यांनी दात सरकण्याची गती मंदावू शकते. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नये, हिरडी भाजते. आणि ठणक्यावर उतारा म्हणून खर्रा किंवा गुडाखू मुलाच्या तोंडाला कधीही लावू नये. ठणका आठवड्यात जाईल, तंबाखूचे व्यसन जाणार नाही.

तार गालात रुतत असेल, चिकटवलेला तुकडा सुटला असेल, ताप आला असेल, सूज किंवा पू दिसत असेल, वा आठवडा उलटूनही ठणका तसाच असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. घरच्या पकडीने तार ओढू नये. दात महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. दुसऱ्या रात्रीच्या ठणक्याला भिऊन तार काढली किंवा तारीख चुकवली, तर महिन्यांची मेहनत आणि एस.टी.चे भाडे दोन्ही वाया जाते. पुढच्या खेपेला तार आवळली की थोडे पुन्हा दुखेल. त्या रात्री मुलाजवळ बसा, त्याच्याशी बोला. औषधाच्या गोळीइतकीच तीही शुश्रूषा आहे.