‘येतं का?’ विचारू नका, करून बघायला सांगा

तुमच्या घरातल्यांचे आभा क्रमांक कोणी काढले? बऱ्याच घरांत उत्तर एकच येईल, तुम्ही! बाबांचा आधार नंबर तुम्ही टाकला, आजीच्या मोबाइलवर आलेला ओटीपी तुम्हीच वाचला आणि ‘मला मान्य आहे’वर टिकही तुम्हीच केली. सरकारच्या हिशेबात घरात चार डिजिटल आरोग्य खाती झाली. पण त्यांचं पुढे करायचं काय, हे घरात एकालाच माहीत. तेही बहुधा अर्धंच.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालं. तेव्हापासून किती जणांनी हा चौदा आकडी क्रमांक काढला, हेच आपल्याला कौतुकाने सांगितलं जातं. अहो, पण खातं उघडलं म्हणजे समजलं असं असतं, तर बँकेचं पासबुक असलेला प्रत्येक जण अर्थतज्ज्ञ झाला असता.

डिजिटल आरोग्यसेवा लोकांना किती समजतात आणि किती वापरता येतात, हे मोजायची साधनं जगात आहेत. त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं म्हणजे ‘ई-हील्स’. कॅनडातल्या नॉर्मन आणि स्किनर या संशोधकांनी ते २००६ मध्ये मांडलं. त्यात आठ विधानं आहेत. आरोग्याची माहिती नेटवर कुठे मिळते ते मला कळतं, चांगली-वाईट माहिती मला ओळखता येते, अशा धाटणीची. प्रत्येकाला एक ते पाच गुण आपले आपणच द्यायचे. चाळीसपैकी जितके जास्त, तितके तुम्ही हुशार.

इथेच खरी गोची आहे. एक तर हे साधन आयफोन बाजारात यायच्या आधीचं. त्यात भर माहिती शोधण्यावर आहे. अपॉइंटमेंट, व्हिडिओवरून तपासणी, रिपोर्ट शेअर करायची परवानगी या गोष्टी त्यात येत नाहीत. आणि दुसरं म्हणजे, माणूस स्वतःबद्दल काय समजतो तेवढंच ते सांगतं. आरटीओत ‘गाडी येते का?’ एवढं विचारून कोणी लायसन्स देत नाही, आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. आरोग्याच्या बाबतीत मात्र ‘येते’ म्हटलं की पास!

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये यावर एक उपाय केला. त्यांच्या चाचणीत २१ प्रश्न स्वतःबद्दलचे आहेत, पण सोबत सात गोष्टी प्रत्यक्ष करूनही दाखवायच्या आहेत. आपल्याला हवी आहे ती ही पद्धत, आणि तीही मराठीत.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला काय अवघड आहे, आम्ही चाळीसपैकी अडतीस घेऊ. बरं, मग हे करून बघा. रिपोर्टवर एचबीए१सी ६.१ लिहिलंय, म्हणजे मधुमेह झाला का? (नाही. ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व पातळी, ६.५ पासून पुढे मधुमेह. तरी डॉक्टरांना दाखवायचंच.) तुमची कागदपत्रं बघायची परवानगी कोणाकोणाला दिली आहे आणि ती मागे कशी घ्यायची? रीलमधला ‘डॉक्टर’ खरंच डॉक्टर आहे की पावडर विकतोय, हे कसं तपासाल? रील करता येणं वेगळं आणि हे वेगळं.

आणखी एक गोष्ट. फक्त माणसाला मोजलं की दोष माणसाच्याच माथी येतो. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण खुलं झालं, तेव्हा कोविनवर ऑनलाइन नोंदणीची सक्ती होती. आणि ते संकेतस्थळ मराठीत यायला जून उजाडला. ज्या मजुराला तेव्हा स्लॉट मिळाला नाही, तो अडाणी होता की ती व्यवस्था? सर्वोच्च न्यायालयानेही त्या वेळी या डिजिटल दरीवर सरकारला प्रश्न विचारले होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जेमतेम ३३ टक्के महिलांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं होतं, पुरुषांमध्ये हेच प्रमाण ५७ टक्के होतं. हे आकडे समोर असताना ‘सगळं ऑनलाइन’ म्हणणं म्हणजे अर्ध्या लोकांना दाराबाहेर उभं करणं.

मान्य आहे, ओपीडीच्या रांगेतल्या प्रत्येकाची परीक्षा घेता येणार नाही. आजारी माणसाला नापास करणं हा हेतूही नसावा. पण प्रत्येक तालुक्यात काही जणांना पाच साधी कामं करून बघायला सांगितली, तरी मदतीचा माणूस कुठे बसवायचा आणि केसपेपरची खिडकी कुठे चालू ठेवायची हे कळेल. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात रस्ते झाडून झाले की हे काम आपल्याला सहज जमेल.

सुरुवात घरातूनच करा. आईच्या हातात फोन द्या, अपॉइंटमेंट घ्यायला सांगा आणि स्वतःचे हात मागे बांधून बसा. ती जिथे अडेल ती जागा लिहून ठेवा. आणि मार्क कापायचेच असतील तर आधी त्या अॅपचे कापा.