पाढा आणि खेपा

परवा नातीच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात 'कार्यवाद' हे प्रकरण दिसलं. बीएला असताना 'रचनावाद व कार्यवाद यांतील फरक स्पष्ट करा' हे उत्तर मी घोकून लिहिलं होतं. गुणही बरे मिळाले. कळलं मात्र काही नव्हतं, हे सत्तरी ओलांडल्यावर कबूल करायला हरकत नाही.

टिचनर यांच्यासारखे रचनावादी मन कशाकशाचं बनलंय ते शोधत. त्यांना संवेदना, प्रतिमा, भावना असे सुटे घटक हवे असत. विल्यम जेम्स यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात वेगळाच प्रश्न धरला : मन करतं काय? जगायला त्याची मदत कशी होते? मागे डार्विनचा विचार होताच. जॉन ड्यूई यांनी १८९६ च्या लेखात ज्योतीकडे हात नेणाऱ्या बाळाचं उदाहरण घेतलं. पाहणं, हात नेणं, भाजणं हे सुटे तुकडे नव्हेत. एकदा भाजलं की बाळाला ज्योत दिसते तीच मुळी चटका देणारी म्हणून.

हेच ड्यूई पुढे कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू झाले. १९३६ च्या 'जातिप्रथेचे उच्चाटन' या भाषणात बाबासाहेबांनी त्यांचं ऋण मान्य केलंय. म्हणजे हा विचार आपल्याला परका नाही.

तरी मी वर्गात रचनावादीच राहिलो. आमच्या वडवणीकडची माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, लेकरंही सोबत. असाच एक मुलगा हंगाम संपवून वर्गात आला. सतराचा पाढा येईना, म्हणून मी त्याला छडी मारली. आठवड्याने त्याच्या घरावरून जात होतो. मुकादम उचलीचा हिशेब सांगत होता आणि ते पोरगं बापाला म्हणालं, "दादा, आपल्या दोन खेपा मांडल्याच न्हाईत." मुकादमाने वही पुन्हा पाहिली. खेपा खरंच राहिल्या होत्या.

मी खाली मान घालून निघालो.

पाढे नकोत असं माझं म्हणणं नाही. पण आधी त्याच्यापुढे ती हिशेबाची वही ठेवायला हवी होती. पाढ्याची गरज त्याची त्यालाच पटली असती. आणि 'कविता शिकून उपयोग काय?' असं विचारणाऱ्यांनी कार्यवादाचा आधार घेऊ नये. पोट भरणं एवढंच मनाचं काम नसतं.

त्या मुलाची माफी मागायची राहून गेली. मास्तर मंडळींनो, तुमच्याही वर्गात असं कुणी होतं का? जरूर कळवा.