सहल लेण्यांची, गोष्ट पांडवांची!

नाशिकच्या लेण्यांवर शाळेची सहल येते आणि गुरुजी सांगतात, "ही पांडवांनी कोरली." समोरच्या ब्राह्मी शिलालेखात मात्र राणी गौतमी बलश्रीने भिक्खू संघाला लेणे दान दिल्याचे लिहिले आहे! दोष एकट्या गुरुजींचा नाही. ब्राह्मी १८३७ मध्येच उलगडली, पण त्यांना ती कुणी शिकवलीच नाही.

कार्ल्याला धेनुकाकटच्या सामी सुताराचे दान कोरलेले आहे, जुन्नरला बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचा उल्लेख. कारागिरांची ही नावे वाचणारे पोर 'आपल्याला इतिहासच नाही' असे कधी म्हणणार नाही.

म्हणून आमची मागणी आहे: शिक्षक प्रशिक्षणात ब्राह्मीची मुळाक्षरे आणि लेण्यांवरचा प्रत्यक्ष अभ्यास सक्तीचा करा. तोवर मित्रांनो, आपण शिकू आणि गावच्या गुरुजींनाही लेण्यांवर सोबत नेऊ.

जय भीम!